उघाडीच्या पुढची वाट

चिंचखार, नायगाव
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. मनालीस,

आत्याचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत, तुम्ही दोघं तिकडे बरे असाल. भात कापून झालं, झोडणी उरली आहे. माझा गुडघा अजून माझ्याच अंगाला आहे, सोडून जायचं नाव घेत नाही. माझा विकी या कागदांचे फोटो काढून तुला पाठवेल. फोनवर मला बोलता येत नाही असं नाही, पण तू मध्येच प्रश्न विचारतेस आणि माझं वाक्य मोडतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं, वर्गात मध्ये बोलायची कुणाची छाती नव्हती.

तुझ्या गावाची हकीकत वाचून करमणूक झाली. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेला वळत नाही, म्हणून 'तुझं गाव'च म्हणते. कचऱ्याच्या डब्याचं झाकण दोन बोटं उघडं राहिलं तर चिठ्ठी लावून जातात म्हणे. तळ्यातल्या बदकांसाठी समिती आहे, आणि त्या समितीच्या बाईचं चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याशी अकरा वर्षं वाकडं आहे, तरी दर बुधवारी दोघं एकाच टेबलावर चहा पितात. हे मात्र अगदी आपल्या गावासारखं. फक्त आपल्याकडे चहा सांडून उठतात.

तू तिथे राहायला गेलीस तेव्हा शेजारणीने जॅमची बाटली आणि एक पुस्तिका आणून दिली होती, नव्या माणसांना गावाची ओळख म्हणून. ती तू मराठीत करून मला चाळीस मेसेजमध्ये पाठवलीस. त्या पुस्तिकेवर माझा जीव जडला. घंटा कुठल्या साली ओतल्या, पिठाची गिरणी कुठे होती, पूर कुणाच्या उंबऱ्याला लागला. आणि ती शवपेटीची वाट! खालच्या वाडीची माणसं शेतांतून पेटी खांद्यावर घेऊन चर्चपर्यंत यायची, मध्ये टेकवायला एक सपाट दगड, आणि शेवटची पेटी त्या वाटेने अमुक साली गेली. आता तिथे लोक रविवारी कुत्री घेऊन फिरतात. किती ऐटीत लिहिलं होतं ते. मला वाटलं, आपल्या गावाबद्दल असं कुणी कधी लिहिलंच नाही.

म्हणून मी लिहिलं, हे तू जाणतेसच. समोरच्या टॉवरमधल्या संपदाने मला तुझी पुस्तिका वाचताना पाहिलं आणि म्हणाली, "काकू, आमच्या सोसायटीसाठी असंच चिंचखारचं लिहा ना. आम्हाला काहीच माहीत नाही इथलं." सोळा पानं झाली. सोसायटीने छापली, सव्वीस जानेवारीला शाल-श्रीफळ दिलं. तेव्हापासून तू प्रत मागते आहेस आणि मी पाठवते, पाठवते म्हणते आहे. पाठवीन. घाई करू नकोस.

आता काळजीचं. दसऱ्यानंतर दोन दिवसांनी नव्या इमारतींच्या बिल्डरने बांधावर पत्रे ठोकले. गावदेवीपासून उघाडीपर्यंत जायची वाट बंद. आम्ही तहसील कचेरीत अर्ज केला आहे, बुधवारी एकोणीस तारखेला सुनावणी आहे. अर्ज मीच लिहिला. साहेब देशावरचे, त्यांना पहिल्यापासून सांगावं लागलं: उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार. भरती आली की झडप मिटते, खारं पाणी शेतात येत नाही; ओहोटीला उघडते, शेतातलं पाणी खाडीत जातं. उघाडीच्या पुढे तिवरांच्या झाडीतून एक वाट टेकाडावर जाते. तिथे आपण आपली माणसं जाळतो. भरतीत ती वाट पाण्याखाली असते, म्हणून गावात मयत झालं की आधी ओहोटीची वेळ बघतात आणि मग सोयऱ्यांना फोन करतात.

टेकाडाची पालिकेत नोंद नाही. वाट गेली की टेकाड गेलं. तुझा बाबा तिथे आहे, तुझी आई तिथे आहे, विकीचे वडील तिथे आहेत. काशीरामदादा एकोणऐंशीचा झाला, दिवाळीपासून खोकतो आहे. मंगळवारी पालिकेच्या शववाहिनीचं बोलणं निघालं तेव्हा मला म्हणाला, "हंसा, मना ते गारीन नको घालू. मी आपला बांधावरशीच जाईन." मी म्हटलं, दादा, एवढ्यात कुठे निघालास, सुनावणी तरी होऊ दे. तो हसला नाही.

तू लिहितेस, तुझ्या गावात वाट अडवली तर लोक फॉर्म भरतात, वीस वर्षं इथून चाललो म्हणून सह्या करतात, आणि जुनं काही छापलेलं असेल तर त्याला मोठं वजन असतं. लगेच पुढची ओळ: 'आत्या, तुझी पुस्तिकाच ठेव ना साहेबांपुढे!'

पुस्तिकेचं बघू. साहेबांना सांगायला पुरुष आहेतच. उघाडीच्या पुढचं बायकांनी काय सांगायचं? आपण तिथून परततो.

थंडीत डोकं झाकून जात जा. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी
आत्या

*

चिंचखार
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. मनाली,

आशीर्वाद. तुझे तीन मेसेज आले. तिसऱ्यात नुसतं प्रश्नचिन्ह होतं. गेल्या पत्रात मी सोळा पानांच्या पुस्तिकेबद्दल दीड ओळ लिहिली हे तुझ्या लक्षात आलं, हुशार आहेस, माझ्याच हाताखाली शिकलीस. तिकडे पाणी गोठायला लागलं का, खोकला आहे का, हे विचारायचं होतं. विचारलं असं समज.

पुस्तिका साहेबांपुढे ठेव म्हणतेस. ती ठेवली गेली आहे. आपण नाही ठेवली. बिल्डरच्या वकिलाने ठेवली.

पान सहा तुला उतरवून देते. एक शब्द बदलत नाही. 'पूर्वी गावातील अंत्ययात्रा बांधावरून खाडीकाठच्या टेकाडाकडे जात. सन १९९१ मध्ये शेवटची अंत्ययात्रा या वाटेने गेली. त्यानंतर ही वाट बंद पडली असून ग्रामस्थ शहरातील स्मशानभूमीचा वापर करतात.'

हे मी लिहिलं, मनू. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते, कुणी हात धरून लिहवून घेतलं नव्हतं. १९९१ साली काय झालं होतं म्हणशील तर काहीच नाही. तुझ्या गावाच्या पुस्तिकेत साल होतं म्हणून मलाही एक साल हवं होतं.

तुझ्या बाबाला, आपल्या नथूला, बांधावरून नेलं १४ जुलै २०२३ ला. मी हे पान लिहिलं तेव्हा त्याला दीड वर्षही पुरतं झालं नव्हतं.

का लिहिलं ते सांगते, पटवून घे असं म्हणत नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीत संपदाने फराळाला बोलावलं. सातवा मजला. तिच्या बैठकीच्या खोलीतून उघाडी दिसते, तिवरं दिसतात, टेकाडही दिसतं. सात-आठ बायका होत्या, चांगल्या नोकऱ्यांतल्या, मला आदराने सोफ्यावर बसवलं. त्यातल्या एकीने खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "काकू, तिकडे कधीकधी धूर दिसतो, तो कसला हो? वास येतो खूप. कम्प्लेंट करायची का?" माझ्या हातात करंजी होती. मी म्हटलं, "शेतातला पालापाचोळा जाळतात." म्हणजे बघ, दोनच आठवड्यांपूर्वी त्या टेकाडावर विकीच्या मित्राच्या आजीला जाळलं होतं आणि मी तिला पालापाचोळा म्हटलं.

लाज वाटली मला. चिखलातून, गुडघाभर पाण्यातून, खांद्यावर मडकं घेऊन जाणारी आमची माणसं त्यांना दिसू नयेत असं वाटलं. आणि तुझ्या त्या पुस्तिकेत शवपेटीची वाट किती छान दिसत होती! जुनी झाली, संपली, म्हणून छान. मला वाटलं आपलीही संपली असं लिहिलं की छान दिसेल. दिसलीही. समारंभात एका गृहस्थाने तेच पान मोठ्याने वाचलं आणि टाळ्या पडल्या.

तुझ्या गावात संपलेल्या वाटेवर पाटी लावतात आणि माणसं चालतात. इथे संपली म्हटलं की पत्रे ठोकतात. एवढं शिकलेली बाई मी, मला हे कळू नये?

मंगळवारी देवळात सगळे बसले होते. वकिलाने दिलेल्या कागदांची झेरॉक्स विकीने वाचायला घेतली. पान सहा वाचताना त्याला लेखिकेचं नाव ठाऊक होतं, पण आवाज तसाच ठेवून तो शेवटपर्यंत वाचत गेला. पुतळाकाकू म्हणाली, "मंग आपला नथू काय इमानान बसून गेला?" विमानाचं ऐकूनही कुणी हसलं नाही. काशीरामदादाने विचारलं, "तू लिवलं हे?" मी हो म्हटलं. त्याने काठी घेतली आणि तो उठून गेला. कुणी शिवी दिली असती तर मी निदान भांडले असते.

विकी तेव्हापासून कामापुरतं बोलतो. 'जेवलीस का', 'गॅस संपला', एवढंच. आज फोटो त्याने काढलेले नाहीत, मीच काढले, कडेला माझा अंगठा आला असेल.

काल संपदा आली होती. पायरीवरच बसली, आत ये म्हटलं तरी आली नाही. ती म्हणाली, "काकू, मी छापायला नको होतं." मी तिला म्हटलं, बाई, तू छापलंस, लिहिलं मी. तिच्या ओळखीतलं कुणीतरी त्या वकिलाकडे काम करतं. त्याच्याकडून तिला कळलंय की पुरुषांच्या जबाबांची वकिलाला फिकीर नाही, ते सगळे अर्जदार, आपल्या बाजूने बोलणारच. तो माझीच वाट बघतो आहे. मी उभी राहिले आणि पान सहा खोटं आहे म्हणाले, तर तो पान सात उघडणार. पान सातवर मीच लिहिलंय: 'उघाडीपाशी मयत खाली ठेवून खांदे बदलत. गावातील स्त्रिया तेथून मागे फिरत. पुढील वाट स्त्रियांनी पाहिलेली नाही.' तेवढी एक गोष्ट मी खरी लिहिली, आणि तीच माझ्या गळ्याशी आली. मग तुम्हाला कसं ठाऊक, बाई, पुढे कुणी जातं की नाही? असं तो विचारणार.

बुधवारी मी उभी राहणार आहे. पान सहा खोटं आहे हे गावासमोर आणि टॉवरवाल्यांसमोर सांगणार आहे. लाज काय, ती गेलीच आहे. पण त्याच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, मनू. ते कुणालाच ठाऊक नाही. ते द्यायचं तर आधी तुला द्यायला हवं. तू दर फोनला म्हणतेस ना, त्या दिवशी उघाडीपाशी फोन बंद पडला आणि बाबाचं पुढचं काही दिसलं नाही. म्हणतेस, आणि मी लगेच जेवणाखाणाचं विचारते.

दोनदा लिहून खोडलं. कागद फाटला. आज एवढंच.

आत्या

*

चिंचखार
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

मनू,

आज आशीर्वादाने सुरुवात करायचा मला हक्क नाही. हे वाचून झाल्यावर तुला हवा असेल तर घे.

आधी तुला सांगायचं होतं. तसं झालं नाही, आधी साहेबांना सांगितलं. तिथे विकी होता, संपदा होती, अख्खं गाव होतं. दुसऱ्या कुणी तुला सांगण्याआधी हा कागद पोचावा म्हणून कचेरीतून आल्याबरोबर लिहायला बसले आहे. अजून साडी बदललेली नाही.

वकील तरुण होता, फार नम्र. मला बाई बाई म्हणत होता. पुस्तिका हातात देऊन म्हणाला, "ही सही तुमची?" हो म्हटलं. "पान सहा तुम्ही लिहिलं?" हो. "खरं आहे?" मी म्हटलं, नाही, खोटं आहे, मी लाजेपोटी लिहिलं. मागे कुजबुज झाली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. मी सांगितलं, माझा भाऊ नथू याला १४ जुलै २०२३ रोजी याच बांधावरून नेलं, त्याआधी अमुक, त्यानंतर तमुक, सगळी नावं सांगितली. त्यात विकीच्या मित्राच्या आजीचंही नाव घेतलं.

मग त्याने पान सात उघडलं. "बाई, तुमच्याच लिहिण्याप्रमाणे स्त्रिया उघाडीवरून परततात. म्हणजे पुढे मयत टेकाडावर जातं की बाहेरच्या रस्त्याने गाडीत घालून शहरात नेतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ऐकीव सांगताय. बरोबर?"

मी म्हटलं, "त्या दिवशी मी परतले नाही."

साहेबांनी लेखनिकाला थांबवलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. "मी टेकाडापर्यंत मागोमाग गेले. चिता पेटताना पाहिली." तिसऱ्यांदा लेखनिकाने वाचून दाखवलं आणि मी सही केली. विकीकडे पाहायचं धाडस झालं नाही.

आता तुझं.

त्या दिवशी ओहोटी चार वाजता होती. ती तुझ्या विमानासाठी थांबणार नव्हती, हे तुला फोनवर मीच सांगितलं होतं. विकीचा खांदा लागणार होता म्हणून फोन माझ्या हातात दिला. घरापासून तू सगळं पाहिलंस, अंगण, गावदेवी, बांध. उघाडीपाशी खाली ठेवलं, खांदे बदलले. बायका वळल्या. तू म्हणालीस, आत्या, फोन कुणाकडे तरी दे ना, पुढे नेऊ दे. मी 'थांब' म्हटलं. द्यायला कुणी नव्हतं, पुढे जाणारे सात पुरुष होते आणि सातही जणांचे हात गुंतलेले.

बायका वीस पावलं गेल्या आणि मी उघाडीच्या भिंतीला चिकटून उभी राहिले. नथू माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई शेतात असायची, त्याला कडेवर घेऊन मी याच उघाडीवर खेकडे बघायला यायचे. मला परतता येईना. मी तिवरांच्या आडून मागे निघाले. फोन पदरात धरला होता. आणि त्यातून तुझा आवाज येत होता, "आत्या, काही दिसत नाही. आत्या, कुठे आहेस?" मोठ्याने. तू रडत होतीस.

ते लोक पुढे चाळीस पावलांवर होते. मला भीती वाटली की ते ऐकतील, वळतील, मी दिसेन आणि मला मागे पाठवतील. मी लाल बटण दाबलं. मग फोन पुरता बंद केला. संध्याकाळी तुला सांगितलं, तिवरांत नेटवर्क नसतं.

नेटवर्क होतं, मनू. पूर्ण होतं. मला माझ्या भावाबरोबर जायचं होतं म्हणून मी त्याच्या मुलीला मध्येच सोडलं. दोन वर्षं चार महिने तू म्हणते आहेस की बाबाचं शेवटचं बायकांपैकी कुणीच पाहिलं नाही, आणि मी ऐकून घेते आहे. मी पाहिलं होतं. ते तुझं होतं आणि मी एकटीने ठेवून घेतलं.

आता तुला देते. उशिरा देते.

उघाडीच्या पुढे वाट डावीकडे वळते. चिखल पोटरीपर्यंत होता. एकदा विकीचा पाय गेला, गुडघा टेकला, पण खांदा त्याने खाली येऊ दिला नाही. पुढे एक ओहोळ आहे, तिथे त्यांनी बाबाला हातांवर उचलून पलीकडे दिलं, जसं लहान मुलाला देतात. टेकाडावर जांभ्याचा ओटा आहे, छोटा, आपल्या तुळशीच्या ओट्याएवढा. लाकडं आदल्या पावसाने ओली होती. चौघांनी चार कोपरे धरून निळं प्लास्टिक वर ताणलं आणि खाली चूड लावली. दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटली, प्लास्टिकचा एक कोपरा वितळून काशीरामदादाच्या मनगटावर पडला, तरी त्याने सोडलं नाही. त्याच्या मनगटावर तो डाग आहे. मडकं विकीने फोडलं.

मग सगळे मागे सरले आणि दादा एकटा ओट्याजवळ गेला. मला वाटलं मंत्र म्हणतोय. तो बाबाशी बोलत होता. "नथू, पोरगी लांब हाय तुजी. यायला जमला नाय तिला. राग नको धरू." असं दोनदा म्हणाला. हे तुला मी त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. हे एवढं जरी सांगितलं असतं.

ते परत निघायच्या आत मी पळत आले. साडी चिखलाने भरली होती, मी म्हटलं बांधावर घसरले.

सुनावणीचं सांगायचं राहिलं. साहेब सोमवारी स्वतः वाट बघायला येणार आहेत, ओहोटीच्या वेळी. तोवर पत्रे काढायचा हुकूम झाला. त्यानंतर काय होईल ते सांगता येत नाही. वकील कपाळाला आठ्या घालून गेला, पण तो पुन्हा येईलच. विकी बाहेर आल्यावर माझ्याजवळ आला, माझी पिशवी घेतली आणि म्हणाला, "चल, रिक्षा थांबवलीय." बोलला तेवढंच.

रिक्षात काशीरामदादा आधीच बसला होता. माणिकपूरचा नाका ओलांडेपर्यंत खोकत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मना ठावं व्हता गो."

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"तू मागं हायस ता. सगल्यांनाच ठावं व्हता. फोनान पोरगी ररत व्हती, आवाज येत व्हता. मी सगल्यांना सांगतला, कोनी मागं वलून बगायचा नाय. बगला त तिला परत लावाया लागंल." मग पुन्हा खोकून म्हणाला, "मंग पोरीचा आवाज बंद जाला. मना वाटला, फोन बिघरला."

मनू, त्यांनी तुला ऐकलं होतं. सातही जणांनी. ऐकूनही कुणी वळलं नव्हतं. मी ते बटण दाबलं नसतं तर तू माझ्याबरोबर शेवटपर्यंत आली असतीस, आणि कुणी काहीसुद्धा म्हणालं नसतं.

फोन बंद करणारी तुझी आत्या
हंसा